लिंबू-संत्र्याची बियांपासून केलेली रोपे पिवळी पडतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: संत्र्याच्या आणि कागदी लिंबाच्या बारा बिया लावल्या, नऊ उगवल्या. दोन रोपे आठवड्याभरात बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली. एक पांढरेफटक उगवले आणि वाळून गेले. उरलेली सहा आता पाच महिन्यांची आहेत, प्रत्येकी सहा-आठ पाने. पण नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांची टोके तपकिरी. एका रोपाच्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा. दहा इंची कुंड्या, कोकोपीटचे मिश्रण, रोज नळाचे जड पाणी, पंधरा दिवसांनी पूर्ण मात्रेचे खत. एका बीतून दोन रोपे आली आहेत, त्यांचे काय करावे तेही विचारले आहे. आणि मुख्य प्रश्न: आता आणखी कोणते खत घालू?

कोणतेच घालू नका. जे घालताय तेही महिनाभर थांबवा.

मी तीसएक वर्षे लिंबूवर्गीय रोपे बियांपासून करतो आहे, बहुतेक कलमांच्या खुंटासाठी (ज्यावर कलम बांधतात ते रोप), थोडी हौस म्हणून. या काळात उपासमारीने मेलेले रोप क्वचितच पाहिले. पाण्याने गुदमरलेली आणि खताने भाजलेली रोपे मात्र ढिगाने पाहिली, त्यांतली बरीचशी माझीच होती. तुमच्या वर्णनातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ, अक्षरशः, मुळातच आहे. पान फक्त निरोप घेऊन येते. फवारा मारून निरोप्याला गप्प करता येते, पण घरात काय बिघडले ते तसेच राहते.

जी तीन रोपे गेली त्यांचे आधी सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी जाणार नाहीत.

आडवी पडलेली दोन रोपे म्हणजे रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोफ्थोरा अशा मातीतल्या बुरशींपैकी कोणतीतरी एक कोवळ्या खोडाला मातीच्या रेषेवर धरते, तिथली साल पाणचट होते, खोड सुतासारखे होते आणि वर पाने हिरवीगार असतानाच रोप कलंडते. कलंडलेले रोप वाचत नाही, त्याच्यावर औषध वाया घालवू नका. खोडाला थोडी जून साल आली, साधारण चार-पाच खरी पाने झाली, की हा धोका बराच कमी होतो. तोवर जपायचे. माध्यम, म्हणजे कुंडीत भरायचे मिश्रण, ताजे हवे, बागेतली माती किंवा मागच्या रोपांची उरलेली माती नको. बी उगवेपर्यंत कुंडीवर प्लास्टिकची पिशवी चालते. कोंब दिसला त्या दिवशी ती काढायची, दुसऱ्या दिवशी नाही. रोपांमधून वारा खेळता हवा. आणि वरचा अर्धा सेंटिमीटर थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यायचा. एवढे पाळले तर बुरशीनाशकाची बाटली उघडायची वेळ सहसा येत नाही.

पांढऱ्या रोपाची गोष्ट वेगळी आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. त्याला लोक खताची कमतरता समजतात. खरे तर बीच्या सालीवर वाढणारी अल्टरनेरिया किंवा अॅस्परजिलससारखी बुरशी एक विष सोडते आणि त्या विषामुळे कोंबात हरितद्रव्यच तयार होत नाही. लिंबूवर्गीयांची बीजदले मातीखालीच राहतात. त्यांतली शिदोरी आहे तोवर पांढरे रोप जगते, ती संपली की मरते. पूर्ण पांढऱ्यावर इलाज नाही. पण खोडात किंवा पानाच्या कडेला थोडा जरी हिरवा रंग असेल तर थांबून पाहावे, अशी रोपे कधीकधी पुढची पाने हिरवी काढतात. टाळायचे कसे? बी फळातून काढल्यावर त्याच्यावरचा चिकट गर नीट चोळून धुवा आणि बाहेरची पांढरट जाड साल सोलून टाका. टोकदार बाजूला नखाने चीर दिली की ती शेंगदाण्याच्या टरफलासारखी सुटते. आतली पातळ तपकिरी साल राहिली तरी हरकत नाही, निघाली तर उत्तम. सोललेले बी लवकर उगवते, एकसारखे उगवते, आणि बुरशीचे घरही बाहेर जाते. रोपवाटिकेत जिथे हजारोंनी बी लावायचे असते तिथे सोलणे परवडत नाही; तिथे बी ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात १० मिनिटे ठेवून लगेच थंड करतात. ती खबरदारी मुख्यतः फायटोफ्थोरासाठी आहे. घरी बारा बियांसाठी हे करू नका, तापमान दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की बी उकडते.

बियांबद्दल आणखी एकच गोष्ट. या बिया वाळवून डबीत ठेवायच्या नसतात. भेंडी-टोमॅटोचे बी वाळले की टिकते. लिंबूवर्गीयांचे बी वाळले की मरते. फळ कापले, बी धुतले, सोलले, लावले. उशीर होणारच असेल तर धुऊन, वरचे पाणी टिपून, बंद पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. लावताना एक ते दीड सेंटिमीटर खोल. २५ ते ३० अंश तापमानात दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतो. थंडीत दोन महिनेही लागतात आणि लोक कंटाळून कुंडी उकरतात. उकरू नका.

आता उरलेल्या सहांकडे येऊ.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यांत आधी खटकले ते दहा इंची कुंडी हे. सहा पानांच्या रोपाची मुळे त्या कुंडीचा फार तर दहावा भाग व्यापतात. बाकीचे माध्यम ओले राहते आणि ते ओले सुकवायला तिथे मूळच नाही. वर रोज पाणी. मुळांना पाणी लागते तितकाच प्राणवायू लागतो, आणि लिंबूवर्गीयांच्या मुळांवर केसमुळे कमी असल्याने ती आधीच थोडी परावलंबी असतात. निसर्गात त्यांच्या मुळांशी सोबत करणारी बुरशी त्यांना स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त आणून देते. असे मूळ आठ-पंधरा दिवस चिखलात राहिले की आधी काम थांबवते, मग कुजते. माध्यमात लोह असते, जस्त असते, सगळे असते. उचलणारा हात लुळा पडलेला असतो.

म्हणून आज पहिले काम हे करा. एक रोप, त्यातल्या त्यात सर्वांत वाईट दिसणारे, कुंडीतून अलगद काढा. कुंडी आडवी धरून तळ ठोकला की माध्यमाचा गोळा सरकतो. मुळे बघा. पांढरी किंवा पिवळसर आणि टोकाशी पारदर्शक असतील तर ती जिवंत आहेत, कामाला लागलेली आहेत. तपकिरी असतील तर दोन बोटांत धरून हलके ओढा: वरची साल मोज्यासारखी सुटून आत दोऱ्यासारखी तार उरली तर ते मूळ गेलेले आहे. वास घ्या. ओल्या मातीचा वास ठीक. नाल्यासारखा वास आला तर तळाशी हवा पोचत नाही. एका रोपाची ही तपासणी जितके सांगते तितके सहा रोपांच्या पानांचे फोटो सांगत नाहीत.

काही जण म्हणतील, कुंडीच्या तळाशी खडी घातली आहे, निचरा चांगलाच असणार. हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर बोलतोच. प्रत्येक माध्यमात पाणी ओतून निथळल्यावरही तळाचा काही सेंटिमीटर थर चिंब राहतो. त्या थराची उंची माध्यम किती बारीक आहे त्यावर ठरते. खाली खडी घातली की तो चिंब थर खडीच्या वर जाऊन बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा असेल तर खडी तळाशी नको, माध्यमातच भरड वस्तू मिसळायला हवी: जाडसर वाळू, परलाइट, विटांचे बारीक तुकडे, सालीचे तुकडे. मी स्वतः कोकोपीट, भरड वाळू आणि चांगले कुजलेले खत घेतो. खत पाचव्या हिश्शापेक्षा जास्त कधीच नाही. कोकोपीट मात्र आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.

रोप लहान पण खोल भांड्यात हलवा. या झाडांना सोटमूळ असते आणि ते पहिल्या महिन्यातच सरळ खाली धावते, म्हणून उथळ ट्रेपेक्षा अर्धा-एक लिटरची उंच पिशवी किंवा भांडे बरे. लावताना सोटमुळाचे टोक वर वळणार नाही एवढे बघा. वळलेले मूळ तसेच जाड होत जाते आणि दोन-तीन वर्षांनी झाड कारण नसताना खुरटते. फारच वेडेवाकडे असेल तर टोक कापून सरळ करा, बाजूने नवी मुळे फुटतात. बुंधा आधी जितका मातीत होता तितकाच ठेवा. खोड खोल गाडले तर बुंधा कुजायला निमंत्रण मिळते.

पाणी कधी द्यायचे याचे वेळापत्रक करू नका. भांडे उचला. पाणी देऊन निथळल्यावरचे वजन हाताला आठवणीत ठेवा, आणि भांडे त्याच्या निम्म्याने हलके वाटले की मगच पुन्हा द्या, पण देताना तळातून बाहेर येईल इतके भरपूर. घोट-घोट पाणी रोज देणे हे सगळ्यांत वाईट, कारण वरचा थर कायम ओला आणि क्षार कधीच धुऊन जात नाहीत.

आता पान वाचायचे. नवशिक्या माणूस रंग बघतो. मी आधी पान कोणते ते बघतो, शेंड्याकडचे नवे की बुंध्याकडचे जुने. नत्र, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) ही द्रव्ये रोपाच्या आत फिरू शकतात. कमी पडली तर रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, त्यामुळे लक्षण जुन्या पानांवर आधी दिसते. लोह, जस्त, मँगनीज जिथे बसले तिथे बसले; त्यांची चणचण नव्या पानांवर दिसते. एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मी चुकीची खते टळतात.

दुसरे बघायचे ते पानाच्या दोन बाजू. मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या भागांत पिवळेपणाची नक्षी सारखी असेल तर बहुधा पोषणाचा किंवा मुळांचा प्रश्न. एका बाजूला एक आकार आणि दुसऱ्या बाजूला भलताच, शाई सांडल्यासारखे ठिपके-पट्टे, असे असेल तर कान टवकारावेत. हरितरोग, म्हणजे ग्रीनिंग, अशीच विषम चट्ट्यांची पाने दाखवतो. तो सिट्रस सायला नावाच्या तुडतुड्यासारख्या किडीमार्फत पसरतो आणि त्याला बरे करणारा उपाय नाही. बियांतून तो येत नाही, त्यामुळे घरात वाढवलेल्या पाच महिन्यांच्या रोपाला तो असण्याची शक्यता कमी. पण आजूबाजूला लिंबूवर्गीय झाडे असतील आणि कोवळ्या शेंड्यांवर शेपूट वर करून बसलेले बारीक तपकिरी किडे दिसत असतील तर ते रोप वेगळे ठेवा.

तुमच्या रोपांची नवी पाने पिवळी आणि शिरांचे हिरवे जाळे स्पष्ट. हा केवडा आहे, म्हणजे लोह न मिळाल्याने आलेला पिवळेपणा. पण याचा अर्थ लोह घाला असा घेऊ नका, थांबा. लोह माध्यमात असूनही मिळत नाही याची दोन नेहमीची कारणे आहेत आणि तुमच्याकडे दोन्ही हजर आहेत: गुदमरलेले मूळ, आणि जड पाणी. नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असते. रोजच्या पाण्यासोबत ते साठत जाते आणि माध्यमाचा सामू (पीएच) चढतो. या झाडांना सामू साडेपाच ते साडेसहा मानवतो. साडेसातच्या पुढे लोह असून नसल्यासारखे होते.

इथे माझी फजिती सांगायला हरकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत खुंटाची चाळीसेक रोपे अशीच केवडा पडून उभी होती. मी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात कालवून घातले. आठवडाभर काही नाही. पुन्हा घातले, जरा जास्त. तेही काही नाही, कारण सामू चढलेल्या मातीत हिराकसचे लोह काही दिवसांत गंजून निरुपयोगी होते. तिसऱ्यांदा पानांवर फवारले, तेही भर दुपारी. दोन दिवसांत पाने काळ्या ठिपक्यांनी भरली आणि शेंडे गळाले. त्याच रोपांपैकी ज्या दहा-बाराकडे माझे लक्ष गेले नव्हते, जी पन्हाळीखाली पडली होती, ती पावसाच्या पाण्यावर आपोआप हिरवी झाली. तेव्हापासून केवडा दिसला की मी आधी पाणी बदलतो.

तुम्हीही तेच करा. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. नाही तर साध्या पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड घालून सामू सहाच्या आसपास आणा. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या त्यासाठी पुरेशा आहेत, अंदाजाने ओतू नका. मुळे पांढरी दिसत असतील आणि तरीही पुढची नवती, म्हणजे नव्या पानांची फूट, पिवळीच आली तर चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेले) द्या, आणि डब्यावरची अक्षरे वाचून घ्या. ईडीटीए प्रकारचे लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचे, ज्याचे द्रावण गर्द लाल दिसते, ते चुनखडीच्या मातीतही काम करते. मुळाशी द्या, लेबलवरच्या प्रमाणाच्या निम्मे. आणि फरक नव्या पानांत शोधा. जी पाने पिवळी होऊन जून झाली ती पुन्हा पूर्ण हिरवी होतीलच असे नाही.

केवड्याशी घोटाळा होतो तो जस्त आणि मँगनीजचा. जस्त कमी असेल तर नवी पाने नुसती पिवळी नसतात, ती लहान आणि अरुंद असतात, टोकाशी निमुळती, आणि पेरे जवळजवळ आल्याने शेंडा झुबक्यासारखा दिसतो. मँगनीजमध्ये पानाचा आकार नेहमीचाच, फक्त शिरांच्या कडेने गडद हिरवा पट्टा आणि मधली जागा फिकी; लोहासारखे बारीक जाळे उठून दिसत नाही. ही दोन्ही पाण्याच्या सामूने बिघडतात आणि बहुतेकदा लोहाच्या जोडीनेच येतात. यांच्यासाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांचा सौम्य फवारा चालतो. नवी पाने पूर्ण आकाराच्या दोन-तृतीयांश झाली असतील तेव्हा, सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर.

एप्सम सॉल्टबद्दल (मॅग्नेशियम सल्फेट) कोणी ना कोणी तुम्हाला सांगणारच. मॅग्नेशियमची चणचण जुन्या पानांवर दिसते: कडा आणि टोकाकडचा भाग पिवळा, देठाकडे उलट्या व्हीसारखा हिरवा त्रिकोण शिल्लक. तुमच्या वर्णनात तसे काही नाही. मग ते कशाला घालायचे? क्षारांनी आधीच टोके जळालेल्या रोपाला आणखी एक क्षार पाजणे आहे ते.

हो, ती तपकिरी टोके. लिंबूवर्गीय झाडे क्षारांच्या बाबतीत फार नाजूक. पाण्यासोबत आलेले क्षार पानाच्या टोकाशी जाऊन बसतात, तिथून पाणी उडते, क्षार उरतात, टोक आधी पिवळे आणि मग करपलेले. पाच महिन्यांच्या रोपाला दर पंधरवड्याला पूर्ण मात्रेचे खत, वर कोकोपीट, वर जड पाणी. टोके न जळती तरच नवल. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी पापडी आहे का बघा. भांडे बदलणार नसाल तर भांड्याच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून माध्यम एकदा धुऊन काढा, आणि मग ते चांगले हलके होईपर्यंत पाणी देऊ नका. पुन्हा खत सुरू कराल ते नवी पाने नीट हिरवी आल्यावर, लेबलच्या पाव मात्रेने, आणि कोरड्या माध्यमात कधीच नाही. नत्र थोडे जास्त आणि सूक्ष्म द्रव्ये असलेले कोणतेही संतुलित खत चालेल. फुलांसाठीचे भरपूर स्फुरदाचे खत या वयात नको, जादा स्फुरद जस्त आणि लोहाच्या आड येते.

जुनी पाने पूर्णच एकसारखी फिकी होऊन गळू लागली, तर ते नत्र. त्या दिवशी खताची चर्चा करू.

एक पिवळेपणा असा असतो की ज्यात बरोबर उलटे दिसते: शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा. हे पान दिसले की पोषणाचा विचार सोडून बुंधा आणि मुळे तपासा. मूळ कुजलेले असते, किंवा बुंध्याला दोरी-तार आवळलेली असते, किंवा माध्यम फार थंड असते. थंडीचे हे कारण लोक विसरतात. साधारण १३ अंशांच्या खाली या रोपांची वाढ थांबते आणि मुळे उचल करत नाहीत. खिडकीतल्या उबदार उन्हात पाने पाणी मागतात आणि थंडगार फरशीवरच्या कुंडीतली मुळे ते देऊ शकत नाहीत. मग पाते गळते आणि देठ खोडावरच राहतो. या पानाला दोन जागी सांधे असतात, एक पाते आणि देठाच्या मध्ये, दुसरा देठ आणि खोडाच्या मध्ये. घाईघाईत पाते एकटे गळाले तर समजावे की झाडाला अचानक धक्का बसला. कुंडीखाली लाकडी फळी ठेवली तरी फरक पडतो.

चंदेरी रेघा म्हणजे नागअळी. बारीक पतंग कोवळ्या पानावर अंडे घालतो, अळी पानाच्या वरच्या पातळ त्वचेखालून खात जाते, आणि मागे गोगलगाईच्या वाटेसारखी रेघ उमटते. रेघेच्या मधोमध काळसर धागा दिसतो तो तिच्या विष्ठेचा. पान चुरगळते. मोठ्या झाडाला हिची पर्वा नसते. रोपाला सहाच पाने असताना चार चुरगळली तर फरक पडतो. पण चुरगळलेली पाने तोडू नका, हिरवा भाग अन्न करतोच आहे. अळी आत असेल तर पान उन्हाकडे धरून रेघेच्या टोकाशी बोटाने दाबा, संपला विषय. ती फक्त कोवळ्या पानात शिरते. पान जून झाले की तिचे काही चालत नाही. म्हणून पुढची नवती फुटताना, पाने नखाएवढी असताना, निंबोळी तेलाचा सौम्य फवारा द्या किंवा त्या दोन-तीन आठवड्यांपुरती रोपांवर बारीक जाळी टाका. सहा रोपांसाठी जाळीच बरी.

बाकीच्या किडी आलटून पालटून येतीलच, त्यांची तोंडओळख पुरे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी लिंबाच्या फुलपाखराची असते. डिवचले की डोक्यामागून नारिंगी शिंगे काढते आणि उग्र वास सोडते. एका रात्रीत रोप ओकेबोके करू शकते, हाताने उचला. पानाखाली बारीक जाळी आणि वर धुळीसारखे फिके ठिपके असतील तर कोळी, म्हणजे माइट ही बारीक कीड, कोरड्या गरम हवेतली. पानांची खालची बाजू पाण्याने जोरात धुवा. शेंड्यांवर मावा आला तर तोही पाण्यानेच धुऊन निघतो. मुंग्या रोपावर चढताना दिसल्या तर मावा किंवा खवले कीड शोधा. कागदी लिंबाच्या पानांवर खरखरीत उंच ठिपके आणि भोवती पिवळे वलय दिसले तर तो खैऱ्या रोग (कँकर). ती पाने तोडून नष्ट करा आणि पानांवर पाणी उडवणे बंद करा, कारण तो उडणाऱ्या थेंबांनी पसरतो.

काही गोष्टी रोगासारख्या दिसतात आणि रोग नसतात. पहिली दोन खरी पाने समोरासमोर येतात, पुढची एकाआड एक. म्हणजे रोप बिघडले नाही. काटे येतात आणि बियांच्या रोपाला भरपूर येतात. ही झाडे सतत वाढत नाहीत, एक नवती काढतात, मग महिना-दोन महिने नुसती उभी राहतात. त्या विश्रांतीच्या काळात लोक घाबरून खत घालतात. आणि नवी नवती मुळातच पोपटी, मऊ, थोडी लोंबती असते. तिला गडद व्हायला दोन-तीन आठवडे द्या आणि मगच केवडा म्हणा. घरातून थेट उन्हात काढलेल्या रोपाच्या पानांवर पांढरे-भुरे चट्टे पडतात, ते उन्हाने भाजल्याचे आहेत. दहा-पंधरा दिवसांत थोडे थोडे ऊन वाढवत न्या.

राहिले जुळे रोप. लिंबूवर्गीयांच्या अनेक जातींच्या एकाच बीत एकापेक्षा जास्त गर्भ असतात. त्यांतला एक परागीभवनाने झालेला, म्हणजे आईबापांचा. बाकीचे आईच्या ऊतींतून आलेले, हुबेहूब आईसारखे. संत्रे, कागदी लिंबू यांत असे बहुगर्भी बी नेहमीचे, पपनसात नाही. म्हणून कागदी लिंबाच्या बियांपासून बहुधा कागदी लिंबूच मिळते आणि पपनसाच्या बीतून काय निघेल ते झाडच सांगेल. जुळ्यांपैकी जोरदार वाढणारे बहुधा आईसारखे असते, किडकिडे बहुधा संकरित, पण यावर पैज लावू नका. फळाची घाईही नको. बियांपासूनच्या कागदी लिंबाला चार-पाच वर्षे, संत्र्याला त्याहून बरीच जास्त. कमी वेळात फळ हवे असेल तर याच रोपांवर पुढे डोळा भरता येईल, म्हणजे फळत्या झाडाचा डोळा बसवून कलम करता येईल, खोड पेन्सिलीएवढे झाले की.

ती जुळी आत्ता वेगळी करू नका. मुळे एकमेकांत गुंतलेली असतील आणि सध्या त्यांना जखम परवडणार नाही. नव्या पाण्यावर एक नवती हिरवी येऊन जून होऊ द्या, मग पाण्याच्या बादलीत गोळा बुडवून माध्यम विरघळू द्या आणि दोघांना हाताने सोडवा. तोपर्यंत सगळे बदल एकदम करायचा मोहही आवरा: या आठवड्यात भांडे आणि पाणी, त्यानंतर पुढच्या नवतीपर्यंत काहीच नाही. आत्ता शेंड्याच्या शेवटच्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधून ठेवा. दोऱ्याच्या वर जी पाने येतील तेवढ्यांवरूनच ठरवायचे की उपाय लागू पडला की नाही.